बाळाजीला खाली आणायचंय

बाळाजी आकाशात अडकल्याची बातमी वाडीभर व्हायला एक संध्याकाळ पुरली. रेवसच्या अलीकडच्या या कोळीवाड्यात बातमी पोचवायला मोबाइल लागत नाही. मासळी सुकवायच्या ओट्यांवर बसलेल्या बायका ते काम जास्त मन लावून करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी खुद्द बाळाजी, म्हणजे हाडामांसाचा, गळ्याला मफलर गुंडाळलेला बाळाजी पाव आणायला निघाला, तर दुकानात पहिला प्रश्न आला, "काय बाळाजीदादा, कवा उतरलास?"

बाळाजीनं पाव घेतले, वर बघितलं आणि म्हणाला, "मी न्हाय उतरलो. अजून तिथंच हाय."

या सगळ्याच्या मुळाशी होता तुळशीराम.

तुळशीराम म्हणजे वाडीतला जुना तांडेल. उभा जन्म बोटीच्या सुकाणूवर गेला आणि मग एका वर्षी गुडघ्यानं दगा दिला. अलिबागच्या डॉक्टरनं सांगितलं, हलत्या फळीवर उभं राहायचं आता विसरा. बोट मुलानं, विनेशनं घेतली आणि तुळशीराम पडवीत खुर्ची टाकून बसला. खुर्चीचं तोंड त्यानं मुद्दाम घराकडे केलं होतं. समुद्राशी त्याचं भांडण झालं होतं, आणि भांडणात आपण आधी बोलायचं नाही, हा त्याचा जुना स्वभाव. बायको गेल्यापासून तो तसाही कमीच बोलायचा.

घराकडे तोंड केल्यामुळेच त्याला ते दिसलं. त्याची सून किशोरी अलिबागला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. क्लासनं काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर तिनं घरी आणला होता, आणि संध्याकाळी भात शिजत ठेवला की ती त्याच्यासमोर बसायची. तुळशीरामला आधी वाटलं, क्लासचं काम असेल. मग एके दिवशी पडद्यावर धुराचा लोट उठला, एक उंच नळकांडं वर गेलं, वाकडं झालं आणि निळ्या पाण्यात कोसळलं. किशोरी कपाळाला हात लावून हसत होती.

"काय बुडवलंस?" तुळशीरामनं दारातून विचारलं.

"रॉकेट, बाबा. खेळ आहे. आपणच बांधायचं, आपणच उडवायचं."

"बुडालं त्याच्यात कोन होतं?"

किशोरीनं पडद्याच्या कोपऱ्यातला गोल टोपातला एक ठेंगू माणूस दाखवला. तुळशीरामनं खुर्ची आत आणली. त्यानंतर बरेच दिवस ती परत पडवीत गेली नाही.

खेळ तसा सरळ होता. पत्र्याच्या टाक्या, इंजिनं, पंख, छत्र्या आणि माणूस बसायची केबिन असं सगळं एका बाजूला मांडून ठेवलेलं. एकेक उचलायचं, एकावर एक चढवायचं आणि पेटवून द्यायचं. पुढं काय होईल ते आपल्या बांधणीवर. तुळशीरामनं आयुष्यात दोन बोटी बांधून घेतल्या होत्या, सुताराच्या डोक्यावर बसून. त्यामुळे इथंही त्याला वाटलं, ही तर आपली ओसरी. पण त्याचं रॉकेट वर जाईना. कारण त्यातला एक भाग त्याला काही केल्या पटत नव्हता.

"टाकी रिकामी झाली की सोडून द्यायची, बाबा. स्पेसबार दाबायचा. ती खाली पडते, आपण हलके होतो."

"बोटीचा तुकडा दर्यात टाकायचा?"

"बोट नाही हो ती."

"डिझेलचा रिकामा कॅनसुद्धा मी कधी टाकला न्हाय. जे घेऊन गेलो, ते घेऊन आलो." आणि तो पुन्हा सगळ्या टाक्या एकमेकींना घट्ट बांधायचा, वर आणखी दोन पट्ट्या मारायचा, आणि ते जडशीळ धूड जेमतेम ढगांपर्यंत जाऊन परत फिरायचं. किशोरीच्या खेळातला समुद्र त्या महिन्यात तुळशीरामच्या लोखंडानं भरून गेला.

माणसांची नावं बदलता येतात हे कळल्यावर तर त्याला ऊतच आला. सगळा आपला जुना ताफा त्यानं त्या ठेंगू माणसांत बसवला. पहिलं नाव अर्थात बाळाजीचं. तुळशीराम सुकाणूवर आणि बाळाजी इंजिनाशी, अशी दोघांची जोडी मिसरूड फुटल्यापासूनची. इंजिनाचा आवाज जरा बदलला की बाळाजी झोपेतून उठायचा आणि तांडेलाच्या शिव्या खाऊन परत झोपायचा. आता बाळाजीही घरीच होता. छातीत कळा यायच्या, जिना चढला की धाप लागायची. दुपारी जेवण झालं की तो हळूहळू चालत यायचा, तुळशीरामच्या मागच्या खाटेवर आडवा व्हायचा आणि आपल्याला कितव्यांदा बुडवतोय ते बघायचा.

"बाळाजी, इंजिन बघ रे!" रॉकेट हेलकावलं की तुळशीराम पडद्यावर ओरडायचा.

"टाकी सोड आधी, मेल्या," खाटेवरून उत्तर यायचं. "पोर काय सांगते ते ऐक."

शेवटी एका दुपारी त्यानं ऐकलं. डोळे मिटून स्पेसबार दाबला. टाक्या सुटल्या, फिरत फिरत खाली गेल्या, आणि रॉकेट असं उसळलं की खाटेवरचा बाळाजी उठून बसला. आकाश निळ्याचं जांभळं झालं, जांभळ्याचं काळं. तुळशीरामनं रॉकेटचं नाक आडवं केलं, कारण किशोरीनं शिकवलं होतं की वर जायचं म्हणजे शेवटी आडवं पळायचं, इतकं जोरात की पडता पडता जमीनच हुकली पाहिजे. ती हुकली. बाळाजीची केबिन गोल फिरायला लागली, आणि त्याच क्षणी तेल संपलं.

संध्याकाळी किशोरी घरी आली तेव्हा दोघं म्हातारे लहान मुलांसारखे चिडीचूप बसले होते.

"पोचला की!" ती आनंदानं म्हणाली. मग तिनं तेलाचा काटा बघितला. "अरे देवा. आता खाली नाही येणार हे."

"मग?"

"मग काही नाही. असेच फिरत राहणार."

"कुठवर?"

"कायमचे," किशोरी म्हणाली आणि भात बघायला गेली.

तर बाळाजी अडकला तो असा.

पुढचे काही दिवस मात्र छान गेले. दिवाळी उलटली होती, हवेत गारवा होता, आकाश धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ. दुपारी दोघं पडदा लावून बसायचे आणि काहीही न करता बाळाजीचं फिरणं बघायचे. खाली किनारे सरकायचे, ढगांच्या रांगा सरकायच्या. मग कडेला एक पातळ निळी रेघ उरायची आणि सगळं काळोखात जायचं. त्या काळोखात केबिनची एकच पिवळी खिडकी. थोड्या वेळानं पुन्हा कड उजळायची. आवाज नाही, वारा नाही. तुळशीरामला बघता बघता डुलकी लागायची आणि डुलकीत तो स्वतःही तरंगायचा. गुडघा दुखत नसायचा. खालून बोटींच्या इंजिनांची टुकटुक यायची, फार लांबून, आणि त्याला कळायचं की आपण पाण्याच्या कुठल्या कुठं वर आहोत आणि तरी वास मात्र सुकटीचाच येतोय. जाग आली की बाजूच्या खाटेवर बाळाजी टक्क जागा असायचा.

सूर्य बुडाला की दोघं किनाऱ्यावर जाऊन बसायचे. एकदा मांडव्याच्या अंगाला एक ठिपका उगवला, न लुकलुकता सरळ डोक्यावरून गेला आणि पूर्वेला विझला. खराखुरा उपग्रह होता तो. किशोरीनं तसं सांगितलंही असतं, पण ती तिथं नव्हती.

"मीच चाललो वाटतं," बाळाजी म्हणाला.

"हात करायचास की."

बाळाजी हसला नाही. त्याची नजर अजून पूर्वेकडेच होती. "बरं हाय रे तिथं," तो म्हणाला. "छाती न्हाय, धाप न्हाय. वजनच न्हाय. कोन हाक मारत न्हाय, कोन औषध देत न्हाय. र्‍हाऊ दे मना तिथंच."

तुळशीरामनं त्याला येडा म्हटलं आणि विषय बदलला. पण त्या रात्री त्याचं जेवणात लक्ष लागलं नाही.

मग अलिबागच्या डॉक्टरनं बाळाजीची तपासणी केली आणि सांगितलं, बायपास करावी लागेल, मुंबईला, आणि लांबणीवर टाकू नका. बाळाजीच्या मुलानं मुंबईचं हॉस्पिटल ठरवलं, तारीख मिळाली. बाळाजी कशालाच नाही म्हणाला नाही. शहाण्या मुलासारखा सगळ्याला मान हलवत होता, आणि बाळाजी शहाण्यासारखा वागतोय हेच तुळशीरामला ठीक वाटेना.

दुसऱ्या दिवशी बाळाजी आला तो खाटेवर आडवा झाला नाही. खिशातून त्यानं जाळं विणायची सुई काढली. शिसवी लाकडाची, हातात फिरून फिरून काळी आणि गुळगुळीत झालेली. त्याच्या बापाची होती ती. बाळाजी ती कुणाला हात लावू द्यायचा नाही, तुळशीरामलासुद्धा नाही. एका वादळात बोटीवर जीव वाचायची मारामार होती तेव्हा यानं आधी सुई कमरेला खोचली होती, आणि त्यावरून तुळशीराम त्याला पुढं कित्येक वर्षं चिडवत आला होता.

"ठेव तुज्याकडं," बाळाजी म्हणाला.

"कशाला?"

"ठेव रे. मना आता कुठं विनायचंय." एवढं बोलून तो चहाही न घेता निघून गेला.

तुळशीराम सुई हातात धरून बसला. त्याला रडू आलं. लपवायला घरात कुणी नव्हतं, म्हणून तो मोकळेपणानं रडला. बाळाजी ऑपरेशनला जाणार होता, पण परत यायच्या तयारीनं जात नव्हता. एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. ज्याच्याबरोबर जन्म काढला त्याच्या पाठमोऱ्या चालीवरून कळतं.

त्याच संध्याकाळी बाळाजीची बायको नीराबाई वादळासारखी घरात शिरली. कोलंबीची टोपली हातात, पदर खोचलेला. ती सरळ कॉम्प्युटरसमोर जाऊन उभी राहिली आणि पडद्यावर फिरणाऱ्या पिवळ्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, "भाऊजी, हा माजा मानूस हाय ना?"

"वैनी, खेळ हाय तो."

"खेळ हाय तर मग नाव कशाला दिलंत? नाव दिलंत, वर नेलात आणि सोडून दिलात. माजं कुंकू तिथं गरगर फिरतंय आणि मी त्याला इथं लाँचीत बसवू? आधी खाली आना. तो तिथं लटकत असला तर मी त्याला धक्क्यावर पाय ठेवू देनार न्हाय, सांगून ठेवते. मग तुमचा डॉक्टर बसू दे वाट बघत."

"तारीख निघून जाईल, वैनी."

"म्हनून तर सांगते. लौकर आना."

किशोरीनं मध्ये पडून समजूत घालायचा प्रयत्न केला, पण नीराबाईनं तिच्या हातात कोलंबीची टोपली दिली आणि त्यावर बोलणं संपलं. कोलंबी ताजी होती. नीराबाई रागावली तरी रिकाम्या हातानं कुणाकडे जायची नाही.

तुळशीराम कामाला लागला. बाळाजीला आणायचा म्हणजे त्याच्यापर्यंत दुसरं रॉकेट न्यायचं, दोन्ही शेजारी शेजारी आणायची, बाळाजीनं दार उघडून तरंगत इकडे यायचं आणि मग छत्री उघडून घरी. सांगायला सोपं. पण तुळशीराम बाळाजीच्या मागं लागला की बाळाजी लांब जायचा. तो आणखी जोर करायचा, तर बाळाजी आणखी लांब. दोन दिवस त्यानं पडद्याला अशा शिव्या घातल्या की शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

"पुढच्याला गाठायचं तर जोर करायचा नाही, बाबा. ब्रेक मारायचा," किशोरी भाकऱ्या थापता थापता म्हणाली.

"ब्रेक मारून कोन पुढं जातं?"

किशोरीनं परातीतल्या पिठात बोटानं दोन गोल काढले, एक आत, एक बाहेर. "शिमग्याला आपण फेर धरतो ना? आतल्या रांगेतल्या बायकांचा फेरा आधी पुरा होतो की नाही? बाहेरच्यांना लांबून यावं लागतं. तसंच. ब्रेक मारलात की तुम्ही खाली उतरता, आतल्या फेरात जाता. आतला फेर लहान. तुम्ही त्याच्या आधी फिरून येता."

तुळशीराम त्या पिठाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही मला म्हणालात, तू पोहायला शिक."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं शेवटचं रॉकेट उभं केलं. छोटं, हलकं, एकाच माणसाची केबिन, जेवढं लागेल तेवढंच तेल आणि थोडं वर. किशोरी क्लासला गेली होती. केबिनमध्ये कुणाला बसवायचं असं खेळानं विचारलं, आणि तुळशीरामनं क्षणभरही विचार न करता स्वतःचं नाव टाकलं.

त्यात विचार करण्यासारखं त्याला काहीच दिसलं नाही. वाडीची रीतच तशी. रिकामी होडी पाण्यावर सोडायची नाही. बिघडलेली होडी दोरानं ओढत आणायची असली तरी तिच्यात कुणीतरी वल्हं घेऊन बसतं. कुणीच नसेल तर निदान नारळ ठेवतात, नाहीतर समुद्र ती आपली समजतो. आणि कुणाला शोधायला जायचं असलं तर दुसऱ्याला पाठवत नाहीत, तांडेल स्वतः जातो. तुळशीरामनं पडद्यासमोर अगरबत्ती लावली, पाण्याकडे तोंड करून हात जोडले, भांडण असूनसुद्धा, आणि रॉकेट पेटवलं.

संध्याकाळी किशोरी आली तेव्हा घरात जत्रा होती. विनेश बोटीवरून तसाच ओल्या कपड्यांनी आला होता. नीराबाई जमिनीवर बसून पडद्याकडे बघत हाताला सवय म्हणून कोलंबी सोलत होती. बाळाजी खाटेवर, उशीला टेकून. आणि पडद्यावर, काळ्याभोर आकाशात, दोन पिवळ्या खिडक्या जवळ जवळ येत होत्या. तुळशीराम श्वास रोखून एकेक बोट हलवत होता. धक्क्याला बोट लावताना लावतात तसं, थोडं पुढं, थोडं मागं. खिडक्या थांबल्या. दोन्ही एकमेकींच्या शेजारी, खाली निळं पाणी.

"चल रे बाळाजी," तुळशीराम म्हणाला. "ये."

ठेंगू बाळाजी दार उघडून बाहेर आला. मधल्या पोकळीत हातपाय पसरून तरंगला. खाटेवरच्या बाळाजीनं नकळत खाटेची कड घट्ट धरली. छोटा बाळाजी दुसऱ्या केबिनपाशी पोचला, दाराला लटकला, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

"काय म्हनतंय?" नीराबाईनं विचारलं.

किशोरीनं वाचलं आणि ती सासऱ्याकडे बघतच राहिली. "आत जागा नाही म्हणतंय. बाबा, केबिन एका माणसाची आहे आणि तुम्ही स्वतःच जाऊन बसलात? अहो, ती रिकामी पाठवायची असते! कॉम्प्युटर चालवतो तिला. आणायला जाताना जागा मोकळी ठेवून जायचं ना?"

"रिकामी कशी सोडनार?" तुळशीराम म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता.

नीराबाईचे हात थांबले. तारीख परवाची होती, लाँच उद्या सकाळची, आणि बाळाजी दाराला लटकलेला. तेल होतं ते एका परतीपुरतं. तुळशीराम पडद्याकडे बघत बसला. मग त्यानं माऊस हातात घेतला.

दुसऱ्या केबिनचं दार उघडलं. ठेंगू तुळशीराम बाहेर आला आणि बाजूला झाला. क्षणभर दोघं म्हातारे काळोखात समोरासमोर तरंगत होते, गोल टोप घातलेले, काचेत खालच्या पाण्याचा निळा उजेड. मग बाळाजी आत गेला. तुळशीराम हळूहळू पलीकडे गेला आणि बाळाजीच्या जुन्या, तेल संपलेल्या केबिनमध्ये जाऊन बसला. दार लागलं.

"अरे येड्या," खाटेवरून बाळाजी एवढंच म्हणाला.

खाली येताना केबिनभोवती ज्वाळा उठल्या, सगळी खोली लाल झाली. नीराबाई डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. मग ज्वाळा विझल्या, छत्री उघडली आणि बाळाजी संध्याकाळच्या पाण्यावर अलगद टेकला. नीराबाईनं पडद्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

वर, निळ्या रेघेच्या कडेनं, एक पिवळी खिडकी फिरत राहिली.

"काळजी करू नका, बाबा," किशोरी म्हणाली. "उद्या रिकामी केबिन पाठवते, तुम्हाला उतरवते. मला एक संध्याकाळ पुरेल."

"तू हात लावायचा न्हाय," तुळशीराम म्हणाला.

"म्हणजे?"

"बाळाजी आनील मना." तो खाटेकडे वळला. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्यानं पुसले नाहीत. "ऐकतोस ना? मी तिथंच हाय. तेल न्हाय माज्याकडं. तू आलास न्हाय तर मी असाच फिरत र्‍हानार. दुसऱ्या कोनाच्या बोटीत मी बसनार न्हाय."

"मना तो खेळ येत न्हाय," बाळाजी म्हणाला.

"येऊन शिक."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवसच्या जेट्टीवर धुकं होतं. भाऊच्या धक्क्याची लाँच इंजिन गुरगुरवत उभी होती. समुद्रावर निघालेल्या माणसाला कुठं चाललास म्हणून विचारत नाहीत आणि मागून हाक मारत नाहीत, हे वाडीतल्या लहान पोरालाही ठाऊक. त्यामुळे निरोप म्हणजे नुसतं शेजारी उभं राहणं. तुळशीराम काठी टेकून उभा राहिला. बाळाजीचा मुलगा सामान घेऊन लाँचीत गेला, नीराबाई गेली. बाळाजी फळीवर पाय ठेवता ठेवता थांबला, वळला आणि त्यानं हात पुढं केला.

"माजी सुई दे."

तुळशीरामनं ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली होती. बाळाजीनं घेतली, अंगठ्यानं एकदा तिचं टोक चाचपलं, कमरेला खोचली आणि आत गेला. लाँच धुक्यात शिरली. तुळशीराम इंजिनाचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत उभा राहिला. घरी येऊन त्यानं खुर्ची पडवीत काढली आणि तिचं तोंड समुद्राकडे केलं.

ऑपरेशन पुढं ढकललं गेलं, मुंबईतला मुक्काम लांबला. एकदा तर नीराबाईचा फोन आला आणि ती नुसतीच रडली, काही बोललीच नाही. त्या दुपारी तुळशीराम पडद्यासमोर बसून राहिला. आतला तुळशीराम किनाऱ्यांवरून, ढगांवरून फिरत होता, उजेडातून काळोखात, काळोखातून उजेडात. किशोरीनं काही न विचारता शेजारी चहा आणून ठेवला. तो तसाच गार झाला. बाळाजीला तेव्हा काय वाटत होतं ते आता तुळशीरामला कळलं होतं. तिथं खरंच बरं होतं. पण कुणाची वाट बघायला लागलं की बरं वाटत नाही.

शिमगा जवळ आला. वाडीत बोटींना रंग लागले, पताका बांधायला सुरुवात झाली. आणि एका दुपारी पडवीच्या पायरीशी कुणीतरी दम खात उभं राहिलं. मफलर सैल झाला होता, गालफडं बसली होती, शर्टाच्या उघड्या बटणातून छातीवरचा लांब व्रण दिसत होता.

"हल जरा," बाळाजी म्हणाला. "मना बसू दे."

तुळशीराम हलला. त्यानं एक शिवी घातली आणि खुर्ची पुसून दिली.

बाळाजीनं पहिली तीन रॉकेटं बुडवली. टाक्या मात्र वेळेवर सोडल्या. इंजिनवाला माणूस, त्याला सगळं तुळशीरामच्या आधी कळलं आणि तुळशीरामला ते मुळीच आवडलं नाही. चौथ्या वेळी त्यानं लहानशी केबिन घेतली. कुणाला बसवायचं असं खेळानं विचारलं. बाळाजीनं कुणालाच बसवलं नाही. कॉम्प्युटरच्या हाती दिली आणि पेटवायला बोट पुढं केलं.

नीराबाई दारात उभी होती. तिचा हात तोंडावर गेला. "अवो, रिकामीच सोडता?"

बाळाजीनं मागं वळून पाहिलं नाही. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, निळ्या रेघेशी, पिवळी खिडकी नुकतीच उजेडात येत होती.

"रिकामी कुठं," तो म्हणाला. "तांडेलाची जागा हाय तिच्यात."